नोकरी सोडण्याआधी गळ्याचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी रियाज आटोपल्यावर पुन्हा वाचला. वय २६, गाव सांगली, चार वर्षांपासून पुण्यात, हिंजवडीत नोकरी. विशारद, म्हणजे संगीताची पदवीच्या तोडीची परीक्षा, पूर्ण झालीय, पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, पेटीची काळी चार, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी कोथरूडला गुरूंकडे तालीम. दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा, घरी शिकवण्या घेऊन खर्च भागवायचा, उरलेला सगळा वेळ गाण्याला द्यायचा, असा तुमचा बेत आहे. 'दोन वर्षांत मैफली मिळायला लागतील का, आणि तोवर शिकवण्यांवर भागेल का?' हा तुमचा प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं तुम्ही लिहिलंय की हल्ली शुक्रवारच्या तालमीला तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज फाटतो आणि शनिवारी सकाळी घसा बसलेला असतो.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत.

तुमच्या बेतात वेळ आणि पैसा या दोन गोष्टींचा हिशोब नीट मांडलेला आहे. तिसऱ्या गोष्टीचा, म्हणजे गळ्याचा, मांडलेला नाही. काळी चारचा मध्य षड्ज लावता तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांना येऊन भिडतात, तार षड्जाला ४१५ वेळा. हे तंतू जेमतेम दीड सेंटिमीटरचे. सकाळचा रियाज कोणता आणि दुपारचं बोलणं कोणतं, हे त्यांना कळत नाही. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला रियाज, दिवसभराचे ऑफिसचे कॉल, कॅन्टीनच्या गोंगाटात मारलेल्या गप्पा, चांदणी चौकात गाडीवर अडकलेलं असताना फोनवर आवाज चढवून बोलणं, आणि मग तालीम, हे सगळं त्याच दीड सेंटिमीटरमधून जातं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तो गळा पाच दिवस राबलेला असतो. त्या वेळी तुम्ही त्याच्याकडे तार सप्तकातली बढत, म्हणजे रागाचा विस्तार, मागता.

आता तुमचा बेत या नजरेनं बघा. नोकरी गेली की कॉल गेले, हे खरं. पण त्यांच्या जागी काय येणार आहे? खर्च निघायचा तर आठवड्याला वीस-पंचवीस तास शिकवावं लागेल. शिकवण्यातला एक तास गळ्याला कॉलवरच्या एका तासापेक्षा कितीतरी जड जातो. त्यात बोलणं असतं, गाऊन दाखवणं असतं, चुकलेलं पुन्हा गाऊन दाखवणं असतं, आणि हे सगळं दुसऱ्याच्या पट्टीत. म्हणजे ज्या गळ्याला मोकळं करायला तुम्ही नोकरी सोडणार, त्याच्यावरचा भार त्याच दिवसापासून वाढणार. हे कोणी आधी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी एकोणतिसाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडली. सदाशिव पेठेत दोन खोल्या होत्या, त्यातल्या एकीत शिकवायला लागले. दोन वर्षांत चाळीस विद्यार्थी झाले. दुपारी चार ते रात्री नऊ लागोपाठ वर्ग. शाळेतली मुलं काळी पाचमध्ये गायची, बायका काळी चार किंवा पांढरी पाच, आणि सातच्या वर्गाला नोकरदार पुरुष, काळी एक. त्यांच्या मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, माझा आवाज पोचायचा नाही, म्हणून मी वरच्या सप्तकात गाऊन दाखवायचे आणि त्यांना कळावं म्हणून जोर लावायचे. पहाटे पाचला उठून रियाज चालूच होता. थकवा जाणवायचा, पण आमच्यात थकवा म्हणजे मेहनतीची पावती असं मानतात, तसं मीही मानलं. मग एका कार्यक्रमात मध्यलय सुरू झाली आणि तार गंधारावर नुसती हवा आली. स्वर नाहीच. पुढची वीस मिनिटं मी मध्य सप्तकात फिरून काढली. तबलजींनी ठेका धरून मला सांभाळलं. श्रोत्यांपैकी कितींना कळलं माहीत नाही, पण मागे तानपुऱ्यावर बसलेल्या माझ्या दोघी विद्यार्थिनींना कळलं होतं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा दोन्ही स्वरतंतूंच्या कडेवर, समोरासमोर, छोट्या गाठी निघाल्या. जास्त बोलणाऱ्या-गाणाऱ्या तरुण बायकांमध्ये हा प्रकार बराच दिसतो. शिक्षिका, गायिका, दिवसभर बोलण्याची नोकरी असणाऱ्या, सगळ्यांमध्ये. त्याला बहुतेक वेळा आधी शस्त्रक्रिया करत नाहीत. आवाज कसा वापरायचा ते बदलायचं, म्हणजे व्हॉइस थेरपी, हा पहिला उपाय. मला सात महिने लागले. अर्धे वर्ग बंद केले, उत्पन्न निम्म्यावर आलं, आणि ठरलेले दोन कार्यक्रम सोडावे लागले. नोकरी सोडून मी जी दोन वर्षं मिळवली होती, त्यांतले सात महिने असे गेले.

तुमच्या गळ्यात गाठी आहेत असं मी म्हणत नाही. लांबून ते कोणालाच सांगता येणार नाही. नुसता थकवा असेल, पित्त वर येत असेल, ॲलर्जी असेल. पण दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आवाज असा वागत असेल तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जाऊन स्वरतंतू प्रत्यक्ष बघून घ्यावेत, याला पर्याय नाही. जाताना आपण गातो हे आवर्जून सांगा आणि तुमच्या पट्टीतला षड्ज लावून दाखवा. ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी यांनी घशाला बरं वाटतं, मीही घेते. पण पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पोटात गेलेल्या पाण्यातून आणि वाफेतून, मैफलीआधी घेतलेल्या एका घोटातून नाही. आणि घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्यानं विश्रांती मिळत नाही. बोलायचंच असेल तर हळू पण खऱ्या आवाजात बोला, नाहीतर गप्प बसा.

खर्जाबद्दल एक सांगते, कारण तुम्ही 'पहाटे तासभर खर्ज भरते' असं लिहिलंय. खर्ज चांगलाच. पण तो कसा लावता? आवाज कमावायचा म्हणजे मंद्र षड्ज छाती फुटेस्तोवर रेटायचा, अशी समजूत घट्ट आहे. बाईचा गळा काळी चारच्या मंद्र पंचमाच्या खाली गेला की तो स्वर आपोआप बारीक होतो, आणि तिथे जोर लावला की जबडा आणि मानेच्या शिरा ताठतात. मी विद्यार्थिनींना सांगते की खर्ज तानपुऱ्यापेक्षा मोठा ऐकू आला तर तो चुकला. वीस मिनिटं, तानपुऱ्यात मिसळून जाईल इतका, श्वास संपायच्या आधी स्वर सोडायचा. मग मध्य सप्तकात आकार. तासभराच्या रेट्यापेक्षा हे जास्त काम करतं, आणि दिवसभरासाठी गळा शिल्लक राहतो.

आता शिकवण्याकडे वळते, कारण तुमच्या पत्रात ते 'तोवर भागवण्याचं' काम म्हणून आलंय.

पुण्यात तरी शिकवणं हे कधीच दुय्यम काम नव्हतं. भास्करबुवा बखले तीन घराण्यांची तालीम घेतलेले, मैफली गाजवणारे गवई. त्यांनी १९११ मध्ये इथे भारत गायन समाज उभा केला. विनायकबुवा पटवर्धन दहा वर्षं गंधर्व नाटक मंडळीत गाऊन, नाव-पैसा मिळवून बाहेर पडले आणि १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ही माणसं मैफल साधली नाही म्हणून शिकवायला बसलेली नव्हती. शास्त्रीय गायकाच्या बहुतेक आयुष्यात आठवड्याचे पाच-सहा दिवस शिकवणं आणि महिन्यातून एखादी मैफल, असंच प्रमाण असतं. ज्यांना मैफली भरपूर मिळतात तेसुद्धा शिकवतात. तेव्हा दोन वर्षं कशीतरी शिकवण्या करून काढू, मग गायिका होऊ, असा क्रम धरलात तर शिकवणंही नीट होणार नाही आणि गळाही जाईल. शिकवणं हा व्यवसायाचा कणा आहे असं धरून त्याची आखणी करा.

माझी आजची पद्धत सांगते. वर्ग पट्टीनुसार लावलेत, वयानुसार नाही. काळी चार-पाचवाल्या सोमवार-बुधवार, पुरुष फक्त गुरुवारी, आणि त्यांना मी पेटीवर स्वर देते, त्यांच्या पट्टीत रेटून गात नाही. एक ओळ दोनदा गाऊन दाखवते, तिसऱ्यांदा जुन्या विद्यार्थिनीला गायला सांगते. यात तिचीही तयारी होते. दोन वर्गांमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते आणि त्या वीस मिनिटांत पालकांशी बोलत नाही. हे पाळायला मला सगळ्यात जड गेलं, कारण दारात उभ्या असलेल्या आईला 'नंतर फोन करते' म्हणणं पुण्यात सोपं नाही. चूक सांगताना तानपुऱ्याच्या वर आवाज चढवायचा नाही, आधी हात वर करून मुलांना थांबवायचं. खाकरून घसा साफ करायची सवय मोडली, त्याऐवजी आवंढा गिळते. आणि रियाज सकाळी, शिकवण्याच्या आधी. रात्री नऊनंतर उरलेल्या आवाजात रियाज करायचा नाही. एका दिवसात साडेतीन तासांच्या वर वर्ग नाहीत. हा आकडा माझ्या गळ्याचा. तुमचा कदाचित अडीच निघेल, कदाचित पाच. तो आकडा कळल्याशिवाय शिकवण्यांवर भागेल की नाही, हे सांगता येणार नाही.

मैफलींचं विचारलंत. इथे मी मोजकंच बोलते, कारण यात हातात असलेल्या गोष्टी कमी आणि नसलेल्या जास्त. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला आणि पुण्यात वाढलेल्या प्रत्येक गाणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर तोच मंच असतो. माझ्याही होता. पण तिथवर जायच्या आधी गणेशोत्सवातल्या बैठका, कोणाच्या घरची खासगी मैफल, छोट्या मंडळांचे सकाळचे कार्यक्रम, गुरूंच्या मागे तानपुरा धरून बसण्याची कित्येक वर्षं, हे सगळं असतं. तानपुऱ्यावर बसणं कमी लेखू नका. मोठा कलाकार लागलेला राग कसा थांबवतो, श्रोते उठायला लागले की काय करतो, आवाज लागला नाही तर कुठून वाट काढतो, हे तिथेच दिसतं. माझा आवाज गेला तेव्हा मध्य सप्तकात वीस मिनिटं काढता आली, ती बाईंना, म्हणजे माझ्या गुरूंना, एकदा सर्दीत गाताना मागे बसून ऐकलं होतं म्हणून.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीच्या मैफलीत आयोजक अनेकदा एकच आकडा ठरवतात आणि तबला-पेटीच्या साथीदारांचं मानधन त्यातूनच द्यायचं असतं. ते द्या, आधी द्या, आणि पूर्ण द्या. काही वेळा हातात फक्त रिक्षाचे पैसे राहतात. आकाशवाणीची स्वरचाचणी मात्र जरूर द्या. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. श्रेणी मिळाली की नियमित ध्वनिमुद्रणाची शिस्त लागते आणि ठरलेल्या मिनिटांत राग मांडायची सवय होते. केंद्र सरकारच्या तरुण कलाकारांच्या शिष्यवृत्तीला २५ ची वयोमर्यादा आहे, ती तुमची गेली. २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) असते, पण तिला संशोधनाचा विषय लागतो.

दोन वर्षांत काय होईल हे कशावरून ठरवायचं? विशारदवरून नाही. विशारदनं तुम्हाला पुष्कळ राग दिले, प्रत्येक थोडा थोडा. मैफलीला एकच राग तासभर मांडता यावा लागतो. एक चाचणी सांगते, मी स्वतः दर काही महिन्यांनी करते. यमन राग घ्या, विलंबित (संथ लयीतला) एकताल, पंचेचाळीस मिनिटं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि तीन दिवस ऐकू नका. चौथ्या दिवशी कागद घेऊन ऐका आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा जिथे आलं तिथे खूण करा. पहिल्या वीस मिनिटांनंतर खुणा दाटल्या तर अडचण वेळेची नाही, तालमीची आहे. ती नोकरी सोडून सुटत नाही, गुरूंपुढे जास्त बसून सुटते. खुणा कमी आल्या आणि शेवटची पंधरा मिनिटं गळ्यानं साथ सोडली असेल, तर अडचण गळ्याची आहे. दोन्ही बऱ्या निघाल्या, तर राजीनाम्याचा विचार करायला तुम्ही तयार आहात.

नोकरी आणि गाणं एकत्र चालतच नाही, असं तुमचे मित्र सांगतात म्हणता. प्रभाताई अत्रे पुण्यात जन्मलेल्या, विज्ञान आणि कायद्याचं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, पुढे एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला, आणि या सगळ्याबरोबर किराणा घराण्याच्या गायकीत स्वतःची वाट काढून नव्वदीपर्यंत मंचावर गायल्या. प्रत्येकाला असं जमेल असं नाही. आणि त्यांच्या नोकऱ्याही संगीतातल्याच होत्या, तुमची नाही, हा फरक मोठा आहे. पण 'सोडा नाहीतर विसरा' एवढे दोनच रस्ते नाहीत. तुमच्या कंपनीत कमी बोलण्याचं काम मिळेल का? आठवड्यातून तीन दिवस घरून करता येईल का? हिंजवडीच्या फेऱ्या वाचल्या तर दिवसाचे दोन-तीन तास आणि बराच गळा परत मिळतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. घरी तुमच्या पगारावर कोणी अवलंबून आहे का, तुमचे गुरू तुम्हाला आठवड्यातून दोनऐवजी चार दिवस वेळ देतील का, वर्षभराची शिल्लक आहे म्हणालात ती आजारपण धरून आहे का, लग्नाचं घरात काय चाललंय. यातल्या गुरूंच्या प्रश्नाचं वजन मी सगळ्यात जास्त धरेन. चार दिवस तालीम मिळणार नसेल, तर मोकळा झालेला वेळ तुम्ही एकटीनं, स्वतःच्याच चुका घोटत घालवाल. त्यांना राजीनाम्याआधी विचारा, नंतर नाही. आणि आवाज फाटतो हेही सांगा. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की ते तुम्ही त्यांच्यापासून लपवताय. मीही सहा महिने लपवलं होतं. बाईंना कळलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तानपुरा खाली ठेवला, चहा टाकला आणि महिनाभर नुसतं ऐकायला ये म्हणाल्या. त्या महिन्यात मी बिहाग राग जेवढा शिकले तेवढा आधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

तेव्हा पुढचे पंधरा दिवस एवढंच करा. तज्ज्ञाची वेळ घ्या. एका वहीत रोज तीन आकडे लिहा: किती तास बोलले, किती वेळ गायले, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मध्य पंचम कितव्या प्रयत्नात स्वच्छ लागला. वाक्यं लिहू नका, नुसते आकडे. तपासणीचा अहवाल आणि वही असं दोन्ही घेऊन गुरूंकडे जा. यमनचं ध्वनिमुद्रण गळा बरा असेल तरच करा, नाहीतर तेही थांबवा.

आणि एक काम आजच होण्यासारखं आहे. शुक्रवार संध्याकाळची तालीम रविवारी सकाळी घेता येईल का, हे त्यांना विचारून ठेवा.